मजुरी

सोलापुरात धुणं वारावर चालत नाही, पाण्याच्या पाळीवर चालतं. नळाला पाणी तीन दिवसांनी येतं, कधी चार, कधी पाच. पहाटे येईल की मध्यरात्री, याचा नेम नाही. म्हणून आमच्या भागात ज्यांच्याकडे वॉशिंग मशीन आहे त्यांच्याकडे बहुतेक करून सेमी-ऑटोमॅटिकच सापडतं. फुल्ली ऑटोमॅटिकला नळाला दाब लागतो. ते आपल्या मनानं पाणी घेतं आणि आपल्या मनानं सोडून देतं. सेमीत बादलीनं पाणी ओतता येतं. त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी, आणि उरलेलं पाणी संडासात. पाण्याचा थेंब न् थेंब बाईच्या हिशेबात राहतो.

आमच्या घरी हे मशीन आईसाठी आलं. आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणताना नर्सबाईंनी बजावलं होतं: दर दोन तासांनी कूस बदला आणि पाठीखाली ओल राहू देऊ नका. ओलीनं कातडी मऊ पडते, मग सोलते, आणि माकडहाडाशी एकदा जखम झाली की भरता भरत नाही. तेव्हापासून घरात धुणं म्हणजे आईच्या अंथरुणाचं धुणं. जुन्या नऊवारी फाडून केलेल्या घड्या, दुपटी, चादरी. मी शाळेत विज्ञान शिकवते. सकाळी निघायच्या आत एक घाणा, संध्याकाळी आल्यावर दुसरा. धुण्याच्या टबाचं मला फारसं कौतुक नव्हतं, हातानंही धुता येतं. खरं काम होतं शेजारच्या अरुंद टबाचं, पिळायच्या. त्यातून निघालेली घडी पंख्याखाली तासाभरात अंथरण्याजोगी व्हायची.

सोलापूरला पाऊस जून-जुलैत हुलकावणी देतो आणि सप्टेंबरात, परतताना, धरून पडतो. अशाच एका सप्टेंबरात तो टब फिरेना. बटण फिरवलं की खालून एक जाड ‘हूं’ असा आवाज, आणि टब जागच्या जागी. दोऱ्यांवर घड्या गळत होत्या, घरभर ओलसर वास, आणि आईच्या पाठीवर तळहाताएवढा लाल चट्टा उमटला होता. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून एक मुलगा आला. त्यानं बटण फिरवून आवाज ऐकला, मागचं झाकण न उघडता सांगितलं की मोटर गेली, नवी टाकावी लागेल, आणि ती मागवली तर यायला वेळ लागेल. व्हिजिटचे पैसे घेऊन तो गेला. मी त्याला दोष देत नाही. त्याला दिवसाकाठी किती घरं करायची असतील कोण जाणे. पण त्याच्या वाक्यानंतर माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

शेजारच्या घरात चार यंत्रमाग आहेत. तिथल्या वहिनींनी सांगितलं, ‘‘नवी मोटर कशाला? आमच्या मामांकडं न्या की. जळली असंल तर भरून देतील.’’

मामा म्हणजे पूर्व भागात, कन्ना चौकाच्या पुढं, मोटर वाइंडिंगचं दुकान असलेले गृहस्थ. सोलापूरचा पूर्व भाग हा विणकरांचा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी इथं माग घातले, आणि सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल म्हणून देशभर जो माल ओळखला जातो तो याच पेठांतून निघतो. घरात तेलुगू, बाजारात मराठी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा माग थांबतात, एरवी त्या गल्ल्यांतून खटखट थांबत नाही. आणि माग आला की मोटर आली, मोटर आली की ती जळणंही आलं. मामांचे वडील करीमनगरकडून मागावर बसायला आले होते. मामा लहानपणीच माग सोडून मोटरीकडे वळले. दुकानात दाराशी उघड्या मोटरींचे ढीग, भिंतीला तारांची रिळं, आणि वार्निशचा असा वास की गल्लीच्या तोंडाशीच कळावं.

मी मशीन सोबत नेलं नव्हतं, नेणार कशी? फक्त तक्रार सांगितली. मामांनी काम खाली ठेवलं नाही, हातातली तार खाचेत बसवत बसवतच विचारलं, ‘‘धुतंय का, अक्का?’’

धुतं.

‘‘मंजे लाइन हाय. पाणी कुठं जातंय? पिळायच्या टबाखाली साचून तर ऱ्हात नाय?’’

ते मी पाहिलं नव्हतं.

‘‘घरी जाऊन पिन काढायचं. आधी पिन. मग झाकण उघडून टब हातानं फिरवून बघायचं, हलकं फिरतंय का जड. आणि बटन दिल्यावर गप बसतंय का हूं करतंय?’’

हूं करतं, हे मला ठाऊक होतं.

‘‘हूं करतंय मंजे मोटर मेला नाय,’’ मामा म्हणाले. ‘‘मेलेला मोटर बोलत नाय. जावा, बगा आणि फोन करा.’’

त्या चार प्रश्नांची किंमत मला पुढे हळूहळू कळत गेली. वरवर साधे, पण त्यांचा क्रम पक्का होता आणि प्रत्येक उत्तरासरशी मशीनचा एक-एक भाग संशयातून सुटत होता. धुतं म्हणजे घरची वीज, प्लग आणि वायर ठीक. बटण दिल्यावर अगदीच शांतता असेल तर वीज मोटरीपर्यंत पोचतच नाही: टायमर गेला असेल, एखादी वायर उंदरानं कुरतडली असेल, किंवा झाकणाखालचा स्विच दबत नसेल. हा स्विच फार महत्त्वाचा. झाकण नीट बसल्याशिवाय टब फिरू नये म्हणून तो ठेवलेला असतो, आणि झाकणाची दांडी जराशी झिजली तरी तो रुसतो. आवाज येतो पण टब हाताला जड लागतो, तर टबाला कुणीतरी धरून ठेवलं आहे. झाकणापासून खाली एक ब्रेक वायर गेलेली असते. झाकण लावलं की ती ब्रेकची पट्टी ओढून सोडवते, उघडलं की पट्टी पुन्हा आवळते. वायर ढिली झाली की पट्टी सुटतच नाही. मोटर जोर लावत राहते आणि रबर जळाल्याचा वास येतो. किंवा एखादा हातरुमाल टबाच्या कडेवरून निसटून खाली दांड्याला गुंडाळलेला असतो. किंवा मागचा पाइप मुडपलेला असतो, टबाखाली पाणी तुंबतं आणि टब त्या पाण्यातच रुतून फिरू पाहतो. आणि आवाजही येतो, टबही हाताला हलका लागतो, अशा वेळी मोटरीच्या बाजूला बसलेल्या एका छोट्याशा डब्याकडे बोट जातं.

घरी येऊन मी टब फिरवून पाहिला. बोटानं ढकलला तरी फिरत होता. खाली पाणी नव्हतं. फोनवर सांगितलं. मामा म्हणाले, ‘‘कंडेन्सर. दुकान बंद करून येतो.’’

ते आले तेव्हा पाऊस पडत होता. जुन्या लुनावरून, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून. आत आल्यावर पहिल्यांदा आईच्या कॉटपाशी गेले, ‘अम्मा’ म्हणून हात जोडले. मग मशीनपाशी पाट घेऊन बसले आणि पिशवीतून पाना-पेचकस काढून माझ्या हातात दिला.

मला वाटलं, धरायला दिला असेल. पण ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

‘‘उघडा,’’ म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी मशीनला बोट लावलं नाही. पिन काढली का, हे विचारलं. काढली म्हटल्यावर, दाखवा म्हणाले. पिन मला हातात धरून त्यांच्यासमोर ठेवावी लागली. मागच्या झाकणाचे स्क्रू मी काढले. आतल्या वायरी कुठून कुठं गेल्यात ते त्यांनी बोटानं लांबून दाखवलं. कंडेन्सर काढण्याआधी त्याच्या टोकांना टेस्टलॅम्प लावायला लावला, कारण पिन काढल्यावरही त्याच्या पोटात वीज राहू शकते आणि ती हाताला झटका देते. मग विचारलं, डब्यावर काय लिहिलंय? मी वाचलं. आमच्या मशीनमध्ये धुण्याच्या मोटरीला दहाचा कंडेन्सर होता, पिळायच्या मोटरीला पाचचा, दोन्हींवर ४४० व्होल्ट. पाचच्याचं तोंड फुगलं होतं. नवा त्यांनी खिशातून काढला. त्याच वायरी त्याच जागी, टोकांना टेप, झाकण, आणि मग पिन.

बटण फिरवलं. टब क्षणभर हेलकावला आणि मग वेग घेत गेला, तो वाढता सूं-सूं आवाज साऱ्या घरात भरला. कॉटवर आईनं डाव्या हातानं लोखंडी दांडीवर दोनदा टकटक केलं. बोलणं गेल्यापासून ‘बरं झालं’ म्हणायची तिची ती रीत होती.

चहा पिताना मी विचारलं, या एवढ्याशा डब्यावाचून धडधाकट मोटर फिरत का नाही? मामांनी मला मागाच्या मोटरीपासून सांगायला सुरुवात केली. मागाला तीन फेज असतात. त्या एकीमागून एक येतात, त्यामुळे मोटरीतलं चुंबकपण स्वतःच गोल फिरतं आणि मधल्या रोटरला आपल्या मागं ओढून नेतं. घरात एकच फेज. ती नुसती पुढं-मागं करते. कुठल्या बाजूला जायचं ते रोटरला कळत नाही, तो जागीच थरथरतो, तेच ते ‘हूं’. म्हणून मोटरीत दुसरी गुंडाळी देतात आणि तिच्या वाटेत कंडेन्सर ठेवतात. त्यानं दोन गुंडाळ्यांच्या वेळेत फरक पडतो, आणि तेवढ्या फरकावर दिशा ठरते. ‘‘धुण्याच्या मोटरला दोनी बाजू फिरायचं असतंय, मंजे त्याची दोनी वाइंडिंग सारखी पायजेत. पिळायचा मोटर एकाच बाजूला पळतो.’’

फिरत्या चुंबकक्षेत्राची कल्पना तुरीनमध्ये फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली, १८८८ साली ती जगापुढे आली, हे मला पुस्तकातून माहीत होतं. मुलांना मी फळ्यावर सांगतही असे. पण आईच्या कॉटपासून चार हातांवर ती कल्पना काम करते आहे, आणि तिच्यातला एक दुवा फुगून बसल्यामुळे आईच्या पाठीला चट्टा पडला आहे, हा संबंध त्या पाटावर बसलेल्या माणसानं जोडून दिला. त्या रात्री मी उरलेला हिशेब कागदावर केला. पिळायचा टब थेट मोटरीच्या दांड्यावर बसवलेला असतो. चार पोलची मोटर, पन्नास सायकलची वीज. मिनिटाला १५०० फेऱ्यांची धाव, प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी, १४०० च्या आसपास. टबाची त्रिज्या ११ सेंटिमीटर धरली तर टबाच्या भिंतीशी कपड्यावर गुरुत्वाच्या सुमारे २४० पट ओढ पडते. कपड्याला भिंत अडवते, पाण्याला भोक सापडतं. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी हे गणित घातलं आणि मुलांनी घरी जाऊन आपापल्या टबांची त्रिज्या मोजून आणली.

त्या दिवशी निघताना मी पैसे विचारले. मामांनी कंडेन्सरचे सांगितले, शंभराच्या आतली रक्कम. आणि मजुरी? ‘‘मजुरी काम करणाऱ्याचा असतंय,’’ ते म्हणाले. ‘‘काम तुमी केला.’’

मी पावसातून आल्याचे तरी घ्या म्हणून आग्रह केला. त्यांनी मान हलवली आणि आईकडे पाहून म्हणाले, ‘‘मी रोज येनार नाय, अक्का. अम्माचं कापड रोज हाय.’’

या माणसाचं मला जे देणं आहे ते इथून सुरू होतं, आणि ते पावसात आलेल्या एका खेपेचं नाही. मोटर दुरुस्त करणाऱ्याचं पोट कशावर चालतं? गिऱ्हाइकाला आत काय आहे ते ठाऊक नसतं, यावर. मी कितीतरी कारागीर पाहिले आहेत जे झाकण उघडताना पाठ करून बसतात, ज्यांच्या तोंडून कारण निघत नाही, फक्त रक्कम निघते. त्यांचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. विद्या हीच त्यांची जमीन आहे. मामांचीही तीच जमीन होती, दुसरी नव्हती. माग बंद पडत चालले होते, मोटरी कमी होत होत्या, मुलगा हैदराबादला जाण्याच्या गोष्टी करत होता. अशा दिवसांत त्यांनी ती विद्या एका परक्या बाईला सबंध दिली, आणि दिल्यानं माझ्या घरचं गिऱ्हाईक आपण गमावतो आहोत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्यानंतर आईच्या आजारपणाची वर्षं आणि त्या मशीनची वर्षं बरोबरच चालली. ब्रेक वायर सैल झाली तेव्हा मी फोन केला. मामांनी फोनवर सांगितलं, मी पट्टी आणि ब्रेकचा ड्रम यांच्यात फट किती हवी ते बघून ती आवळली. कपड्यांवर जाळीचं झाकण न ठेवल्यानं टब डोलायला लागला, तेव्हा दुपारी आईपाशी थांबणाऱ्या मावशींना मीच समजावलं की जड चादर एका अंगाला कोंबली की टब भिंतीवर आपटतो. घडी गोल बसवायची आणि जाळी दाबून ठेवायची. मामांनी आपला एक जुना टेस्टलॅम्प मला कायमचा देऊन टाकला. लाकडी पट्टीवर होल्डर, त्यात बल्ब, दोन लांब वायरी. आणि मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, एकदा रविवारी येऊन, त्यांनी खडूनं सबंध जोडणी काढून दिली. मी ती मग पक्क्या पेननं गिरवली. मामांना मराठी वाचता येतं, पण लिहिताना हात तेलुगूच वळतो. त्यामुळे त्या नकाशात टायमर, स्विच, कंडेन्सर आणि मोटर या सगळ्यांची नावं तेलुगू लिपीत आहेत. मी ती अक्षरं तेवढ्यासाठी शिकले. आज मला तेलुगू वर्तमानपत्र वाचता येत नाही, पण ‘मोटर’ येतं.

मग एकदा खरंच मोटर जळाली. वासावरूनच कळलं. ती सोडवून, पिशवीत घालून मी दुकानात नेली, आणि मामांनी पहिला प्रश्न विचारला तो मोटरीबद्दल नव्हता. ‘‘बेलो बघितला का?’’

टबाचा दांडा जिथून खाली मोटरीत उतरतो तिथं रबराचा एक चुण्यांचा बूच असतो, त्याला ते बेलो म्हणतात. टबातलं पाणी मोटरीवर पडू नये म्हणून तो. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरनं, नाहीतर बोअरचं पाणी यायचं, जड आणि खारट. रबरावर पांढरी खरपुडी बसायची आणि तिच्या कडांनी रबर चिरत जायचं. घरी येऊन बॅटरीच्या उजेडात बघितलं तर बेलोला नखाएवढी चीर होती आणि तिच्या खाली मोटरीच्या डोक्यावर गंजाची वाट. थेंब थेंब पाणी बेअरिंगमध्ये आणि तिथून गुंडाळीत उतरत होतं. मामा म्हणाले, बेलो आणल्याशिवाय मोटर भरून देणार नाही. भरून दिली तर महिन्यात परत जळेल, आणि लोक म्हणतील मामानं वाइंडिंग कच्चं केलं.

ही गोष्ट मी शाळेत इतक्यांदा सांगितली आहे की मुलं आता पुढचं वाक्य आपणच म्हणतात. मोटर का जळाली? पाणी गेलं म्हणून. पाणी का गेलं? रबर चिरलं म्हणून. रबर का चिरलं? इथवर आलं की वर्गात पाण्याचा जडपणा, क्षार, बोअरची खोली, सगळं आपोआप येतं. एका धड्याचं काम एक बूच करतो.

त्या वेळी मामांनी मला दुकानात बसू दिलं. शाळा सुटल्यावर मी जाऊन बाकावर बसायची. जळकी गुंडाळी त्यांनी कापून काढली, पण फेकली नाही. एका खाचेतले वेढे सोडवून मोजले आणि आकडा भिंतीवर लिहिला. तार गेजच्या पत्रीत घालून पाहिली. कंपनीची तार अॅल्युमिनियमची निघाली. ते तांब्याची घालणार होते. तांबं तेवढ्याच जाडीत जास्त करंट वाहून नेतं, म्हणून गेज बदललं. खाचांतून लेदराइडचा कागद कापून बसवला, की तार लोखंडाला कुठं टेकू नये. मग हाताच्या यंत्रावर वेढे घेतले आणि ते पुंजक्या-पुंजक्यानं खाचेत उतरवले, बांबूच्या चपट्या काडीनं दाबत. लोखंडाचं हत्यार तिथं वापरत नाहीत, तारेवरचा मुलामा खरवडला तर सगळं वाया. टोकं बांधली, स्लीव्ह चढवल्या, टेस्टलॅम्प लावून गुंडाळी बॉडीला कुठं लागत नाही ना ते पाहिलं. शेवटी वार्निश. उन्हाळ्यात मोटर दारात उन्हात ठेवली की काम भागतं. तेव्हा ढगाळ होतं म्हणून मोटरीच्या पोकळीत दोनशेचा बल्ब लावून ती रात्रभर तशीच शेकत ठेवली.

मी तिथं बसलेली असताना माग चालवणारे लोक यायचे, माझ्याकडे बघायचे. मामा सांगायचे, ‘‘विज्ञानाच्या बाई हायेत. शिकायला आल्यात.’’ ‘बघायला’ असं ते कधी म्हणाले नाहीत. त्या वाइंडिंगची मजुरी मात्र त्यांनी पुरती घेतली, एक रुपया कमी केला नाही, आणि मी पैसे मोजून दिल्यावर त्यांनीही मोजून घेतले. मला त्याचा फार आनंद झाला होता.

त्या मोटरीवर मशीन आईच्या शेवटच्या दिवसापर्यंत चाललं. आईला अखेरपर्यंत पाठीला जखम झाली नाही. डॉक्टरांनी त्याचं श्रेय मला दिलं, दुपारच्या मावशींना दिलं, आणि ते खरंच आहे. पण कोरड्या घडीमागं वेळेवर फिरणारा टब होता आणि टबामागं कन्ना चौकापुढचं ते दुकान होतं, हे मी त्यांना सांगितलं. दहाव्याला मामा आले होते. दाराशी उभे राहिले, कॉट होती त्या जागेकडे हात जोडले. मी त्यांना आत बसवलं. ते बराच वेळ बसले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. लेकीनं नवं फुल्ली ऑटोमॅटिक मशीन घेतलं होतं. धुतंय, पण पिळत नाही. पडद्यावर काहीतरी अक्षरं येतात आणि शिट्टी मारून थांबतं. जावयाला कुणीतरी सांगितलं होतं की आतलं कार्ड गेलं, त्याला निम्म्या मशीनचे पैसे पडतील. ‘‘पुस्तक इंग्रजीत हाय, अक्का. आणि कार्डाचं मला काय कळत नाय. तुमी येता का?’’

मी टेस्टलॅम्प घेऊन गेले. पुस्तकात अक्षरांचा अर्थ सापडला: ठरलेल्या वेळात पाणी बाहेर गेलं नाही. या मशीनमध्ये टबात पाणी आहे तोवर ते पिळायला घेतच नाही, तशीच त्याची आखणी असते. मामा मशीनच्या पुढ्यात खुर्चीवर बसले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मी त्यांना विचारलं, ‘‘मामा, पाणी कुठं जातंय?’’

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. लेकीला हाक मारून म्हणाले, मागचा पाइप बघ. पाइप निळ्या पिंपात सोडला होता, कमरेएवढ्या उंच. पाणी वाया जाऊ नये, संडासाला वापरता यावं म्हणून सोलापुरात जे घरोघरी करतात तेच तिनं केलं होतं. पण या जातीच्या मशीनला पाणी वर ढकलणारा पंप नसतो, झडप उघडली की ते नुसतं उताराला लागतं. पाइप चढवला की पाणी आतच. पाइप काढून जमिनीवर टाकला, पाणी भळाभळा मोरीत गेलं, आणि टब फिरायला लागला. कार्डाला काही झालेलं नव्हतं.

मात्र लेकीला ते पाणी हवं होतं, आणि तिचं रास्त होतं. मामांनी उपाय काढला: पाइपखाली बसकं टोपलं ठेवायचं आणि त्यातून टुल्लू पंपानं पाणी पिंपात चढवायचं. दुकानात एक जळका टुल्लू पडून होता. मुलगा हैदराबादला, मामांना बारीक तार दिसत नव्हती. मी सुट्टीतच होते. वेढे मी मोजले, कागद मी कापला, तार मी बसवली. प्रत्येक खाच भरली की मामा तिच्यावरून अंगठा फिरवायचे आणि कुठं सैल लागली तर पुन्हा काढायला लावायचे. दोन खाचा काढाव्या लागल्या. वार्निश केलेला पंप सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात दुकानाच्या पायरीवर वाळत ठेवला.

पंप लेकीकडे बसवला आणि पाणी पिंपात चढलं, तेव्हा मामांनी आधी मला विचारलं की वायर जोडताना पिन काढली होती ना. मग लेकीला सांगितलं, वाइंडिंगची मजुरी अक्काला द्यायची. ती आत जाऊन पैसे घेऊन आली. दर मामांनीच सांगितला होता, दुकानात जो लावतात तोच.

मी पैसे घेतले, आणि त्यांच्यासमोर मोजले.